बेटावरची शिंदी

मंगळवारी सकाळी सोपानमामा घरासमोर पाणी भरत होते. हंडा खाली ठेवून ते ओट्यावर बसले. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. कॉलेजात साडेनऊला फोन आला. मी तेव्हा वर्गात होते.

मामा आमच्या माजलगावच्या कॉलेजात, वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तेलगावकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांची आई ओढ्याकाठच्या शिंदीचे झाडू बांधून बाजारात विकायची. पाती चिरून द्यायचं काम मामांकडे असे. त्यामुळे ताडामाडाच्या जातीचं कुठलंही झाड दिसलं, की ते त्याच्या पात्यावर चूळभर पाणी ओतून बघत. "धरतंय का सांडतंय, ते आदी बगा म्याडम." शिंदीचं पातं पन्हाळीसारखं वर उघडं, ते पाणी धरतं. नारळाचं छपरासारखं दोन्हीकडे उतरतं, ते सांडतं. विद्यार्थी हसायचे. मी मात्र घरी जाऊन पुस्तक उघडलं. पामच्या वर्गीकरणात अगदी सुरुवातीला हाच प्रश्न विचारलेला होता.

वर्गीकरण हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ते म्हणत, झाडाला घर घावलं. वाळवलेली झाडं जाड कागदावर डकवून खाली नावाची चिठ्ठी लावणं हे त्यांचं काम. एकदा चिठ्ठीवरचं नाव माझ्याकडून चुकलं आणि मी ती खरवडून काढायला निघाले, तर त्यांनी कागद माझ्या हातून काढून घेतला. "ऱ्हाऊ द्या. चुकीच्या खाली बरोबरची लावायची. मागून येणाऱ्याला कळाया पायजे, आपण कुठं फसलो ते." विभागात आधी असलेल्या सरांनी त्यांना तसं शिकवलं होतं. मीही ते शिकले होते, पण विसरले होते.

एका अभ्यासदौऱ्यात मी अंदमानच्या एका लहान बेटावर गेले होते. तिथे कड्यावर एका पामची मोजकी झाडं होती, दुसरीकडे कुठे दिसली नाहीत. वर चढता येईना. खाली गळून पडलेल्या पानाचा मधला तुकडा तेवढा परवानगीने आणला. फूल नाही, फळ नाही. वर्तमानपत्रात दाबून आणलेला तो तुकडा मामांनी कागदावर डकवला, आणि त्यावरून मी तीन वर्षं शोधनिबंध लिहीत राहिले. पाती छपरासारखी, म्हणून झाड नारळ-सुपारीच्या घरातलं. त्या घरात असं दुसरं कुणी नाही, म्हणून नवं.

निबंध नियतकालिकाला पाठवायच्या आदल्या दिवशी मामा टेबलाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाले, "म्याडम, ह्ये पान पालथं हाय. दांड्याची पाठ गोल असती, ती वर आलीय. डकवताना माझ्या ध्यानात न्हाई आलं. गलती माझीच हाय."

पान पालथं असेल तर ते छप्पर म्हणजे उलटी पन्हाळ. माझी तीन वर्षं एका वाक्यात जात होती. समोर विद्यार्थी बसले होते. मी म्हणाले, "मामा, झाडू बांधणं वेगळं आणि हे वेगळं."

"बरं," ते म्हणाले आणि बाटल्या पुसायला गेले.

चार महिन्यांनी निबंधाचं पाकीट परत आलं. तपासणाऱ्याने एकच शंका काढली होती: नमुना उलटा डकवलेला तर नाही? मी दार लावून घेतलं, पानाची एक कड ओली करून सोडवली आणि भिंगाखाली धरली. पन्हाळ होती.

त्यानंतर आठ दिवस मामा रोज समोर होते. चहा आणून ठेवत होते, पंखा कमी करू का विचारत होते. सोमवारी संध्याकाळी कुलूप लावताना म्हणाले, "त्या बेटावरच्या झाडाचं काय झालं? घावलं का घर?" पाकीट माझ्या खणात होतं. मी सांगितलं, अजून उत्तर आलं नाही.

"येईल की. झाडाला कुठं घाई हाय." असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

दहावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसले. त्याच म्हणाल्या, "ती बेटावरची शिंदी कशी हाय? लई बोलायचे तिचं." घरी ते तिला पहिल्यापासून शिंदीच म्हणत होते. मग मी सगळं सांगितलं, पाकिटाचं आणि सोमवारचंही.

मामी म्हणाल्या, "मग कावून सांगितलं न्हाई त्यांना? एका शब्दाचं तर काम व्हतं."

 त्या उठून आत चहा ठेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी नवी चिठ्ठी लिहिली: शिंदीच्या प्रजातीतलं झाड, जाती अजून ठरलेली नाही. ओळखणाऱ्याच्या जागी मामांचं पूर्ण नाव लिहिलं. माझी चिठ्ठी काढली नाही. तिच्याखाली ही लावली.

तो कागद कपाटात आहे. पान एका कडेने सुटलेलं आहे. बाकी त्यांनी डकवलं होतं तसंच आहे, पालथं.