एजाजभाईंना ऐकू न आलेली शिट्टी

पुण्यात कुणालाही विचारा, आयुष्यातली सगळ्यात चांगली मैफल कोणती आणि सगळ्यात भिकार कोणती. उत्तर तयार असतं. कोण गायलं, कोणता राग, तबल्यावर कोण होतं, मध्यंतरातला वडा गार होता की गरम. साउंडवाल्याचं नाव त्यात येत नाही. काही बिघडलं तरच लोकांची मान त्याच्याकडे वळते, आणि तेव्हाही नाव घेत नाहीत, ‘अहो साउंडवाले’ एवढंच म्हणतात.

एजाज शेख तीस वर्षं ‘अहो साउंडवाले’ होते.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच. मी अकरावी नापास, पण आवाजाचे नियम भल्याभल्या वकिलांपेक्षा जास्त वेळा वाचलेत. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या शनिवार पेठेत एका मंडळानं स्पीकरची भिंत उभी केली. घरातली भांडी मांडणीवर नाचायला लागली. मी मोबाइलवर आवाजाचा आकडा घेऊन तिथं गेलो आणि जो पहिला माणूस वायरी हातात घेऊन दिसला त्याला झापायला सुरुवात केली. तो माणूस शांतपणे माझा मोबाइल बघत राहिला. मग म्हणाला, “हा आकडा घेऊन कोर्टात गेलात तर हसतील साहेब. भांडायचंय ना? मग मोजायला शिका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोच्या फाळक्यावर बसून त्यांनी मला शिकवलं. मोजायचं यंत्र कुठं धरायचं, किती लांबून धरायचं, किती वेळ. माझा पहिला तक्रारअर्ज त्यांनीच तपासला, दोन चुका काढल्या. तक्रार त्यांच्याच भिंतीविरुद्ध होती.

हे असं का, ते मला नंतर कळलं. एजाजभाईंचा जीव मैफलीत होता. घर मात्र मैफलींवर चालत नव्हतं, ते चालायचं लग्नाच्या वरातींवर आणि गणपतीच्या दहा दिवसांवर. त्या भिंतींपुढं ते दहा-दहा तास उभे राहायचे. कानात बोळे घालायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, “डोळे बांधून कुणी रंग लावतो का?” मी त्यावर बरंच बोललो, पण माणूस माझ्याइतकाच अडेल.

त्यांची सगळ्यात चांगली मैफल मी त्यांच्या तोंडून किमान वीस वेळा ऐकली असेल. एका शाळेचं सभागृह, एप्रिल महिना, सकाळचे दहा, एक म्हातारे सारंगीवादक. सारंगीचा आवाज एवढासा आणि डोक्यावर चौदा पंखे खडखडतायत. तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे असलेले एजाजभाई स्टुलावर चढले आणि सगळे पंखे बंद केले. अध्यक्ष संतापले, लोक घामानं भिजतील म्हणाले. एजाजभाई म्हणाले, भिजू देत. एकच माइक लावला, तोही इतका हळू की लावलाय हे कळू नये. दोन तास लोक घाम पुसायचेसुद्धा विसरले. संपल्यावर आमच्याच पेठेतले एक गृहस्थ अध्यक्षांना म्हणाले, आज माइक नसल्यामुळं बरं झालं, शेवटच्या रांगेत स्वच्छ ऐकू आलं.

हे वाक्य एजाजभाईंनी जन्मभर मेडलसारखं मिरवलं. “माइक नसल्यामुळं,” ते म्हणायचे आणि मांडीवर थाप मारून हसायचे.

आता जे सांगायचंय ते गेल्या तीन वर्षांतलं.

पेठेतली आमची संगीतसभा छोटी आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी मैफल, दोनशे खुर्च्या, आणि साउंडला ठरलेले एजाजभाई. तिथं आवाज हळूहळू बोचरा व्हायला लागला. तबल्याच्या कडेवरची चाट कानात टाचणी टोचावी तशी यायची. गायकानं ‘स’ म्हटला की स्पीकरमधून फस्स व्हायचं. मध्यंतरात लोक चहाचा कप घेऊन एकमेकांत बोलायचे. एक पेन्शनर म्हणाले, “आज गाण्याबरोबर फोडणी फुकट.” सगळे हसले. मीही हसलो. एजाजभाई दहा पावलांवर उभे होते. ऐकू आलं असतं तर त्यांनी वळून पाहिलं असतं. त्यांनी पाहिलं नाही, आणि मला त्याचा अर्थ लागला नाही.

लागला नाही, हे खोटं. थोडा लागला होता. फोनवर ते प्रत्येक वाक्य दोनदा विचारायचे. रिक्षावाल्यानं मागून हॉर्न दिला तरी रस्त्याच्या मधोमध चालायचे. घरी त्यांची मुलगी मिसबा चिडायची, अब्बांचं लक्षच नसतं म्हणायची. मी महापालिकेच्या अधिकाऱ्याला त्याच्या केबिनमध्ये जाऊन निर्लज्ज म्हटलेलं आहे. पोलिसांना तोंडावर सुनावलेलं आहे. पण एजाजभाईंना, भाई, तुमचे कान तपासून घ्या, एवढं वाक्य मला तीन वर्षांत बोलता आलं नाही. आज बोलू, पुढच्या महिन्यात बोलू, असं करत राहिलो. बाकीचे दोनशे लोकही तेच करत होते.

यंदाच्या फेब्रुवारीत गायला प्रियदर्शनीताई होत्या. चाळिशीतल्या, आवाज नितळ, स्वभाव पेठेला न शोभण्याइतका गोड. त्यांनी तोडी राग सुरू केला. दोन मिनिटांनी शेवटच्या रांगेमागं मिक्सरकडं बघून म्हणाल्या, “एजाजभाई, आवाजाची धार थोडी कमी कराल का?” त्यांनी मान हलवली, मिक्सरवर एक बटण फिरवलं. मी शेजारीच बसलो होतो. बटण खाली गेलेलं पाहिलं आणि दहा सेकंदांनी ते परत होतं तिथं आलेलंही पाहिलं. त्यांच्या कानाला तो आवाज मेलेला वाटला असणार. धार कमी केल्यावर त्यांना उरतच काय होतं? मग त्यांनी ती आणखी थोडी वाढवली आणि नेहमीसारखे डोळे मिटले. काम करताना ते डोळे मिटूनच ऐकायचे.

आणि शिट्टी सुरू झाली.

स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, हे कुणालाही माहीत आहे. साउंडवाला ती अर्ध्या सेकंदात मारतो. ही बारीक होती, सुईसारखी, आणि ती वाढत गेली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. तबलजीनं हात उचलले. एक मूल रडायला लागलं. दोनशे माणसं मागं वळून बघत होती आणि एजाजभाई डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर सुख होतं. मान किंचित डोलत होती. तोडी ऐकत होते ते.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. डोळे उघडून त्यांनी समोर पाहिलं. दोनशे तोंडं आपल्याकडं वळलेली पाहून त्यांना काय वाटलं असेल? ते क्षणभर हसले. कौतुक करतायत असं वाटलं असणार. मग कानांवरचे हात दिसले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मिक्सरकडं पाहिलं, आणि एकेक करून सगळी बटणं खाली ओढली. शिट्टी थांबली कधी, हेही त्यांना लोकांनी हात खाली घेतले तेव्हाच कळलं.

सभेचे चिटणीस दत्तप्रसाद धावत आले. प्रियदर्शनीताईंनीच हात वर केला. म्हणाल्या, राहू दे आता, मी अशीच गाते, सगळ्यांनी थोडं जवळ या. लोकांनी खुर्च्या पुढं ओढल्या, कुणी खाली सतरंजीवर बसलं. पुढचा दीड तास त्या माइकशिवाय गायल्या. मी खोटं बोलणार नाही, तसं गाणं मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. बाहेर पडताना लोक म्हणत होते, ही आयुष्यातली सगळ्यात चांगली मैफल. आजही म्हणतात.

एजाजभाई तो दीड तास बंद मिक्सरमागं हात बांधून उभे होते. बसले नाहीत. एवढ्या लांबून त्यांना त्यातलं काही ऐकू येत होतं का, मी विचारलं नाही.

वायरी गुंडाळताना त्यांना मदत केली. वाऱ्यावर सोडल्यासारखे दोघंच होतो, बाकीचे ताईंभोवती. टेम्पोत शेवटचा स्पीकर चढवल्यावर त्यांनी विचारलं, “फार मोठी होती?”

“हो.”

“आजच असं झालं, की आधीपासून काही होतं?”

मी टेम्पोचा दोर आवळत बसलो. मग सांगितलं, तीन वर्षं तरी. आवाज बोचतो. सगळ्यांना माहीत आहे.

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. आता मला कळतं की ते ओठ बघत होते.

“रंगराव,” ते म्हणाले, “सगळ्या गावाला पत्रं लिहिता. मला एक चिठ्ठी लिहिता आली नाही?”

मला राग आला. माझ्याबद्दल काही खरं कुणी बोललं की मला आधी राग येतो. त्याच रागात मी त्यांना दुसऱ्या दिवशी कान तपासायला घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला दाबत होते. मग हात नुसताच थांबून राहिला. काचेबाहेरच्या यंत्रातून त्यांच्या कानात आवाज जात होता आणि आत ते वाट बघत बसले होते.

तपासणाऱ्या बाईंनी किती बारीक आवाजापर्यंत ऐकू येतं त्याचा आलेख काढला आणि समजावायला तोंड उघडलं. एजाजभाईंनी कागद आपल्याकडं ओढला. त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती, आयुष्यभर त्याच आकड्यांवर बटणं फिरवली होती. बोट रेषेवरून नेत म्हणाले, “दोन हजारपर्यंत ठीक. पुढं उतार. चार हजारला दरी. त्यापुढं काही नाही.” बोट कागदाच्या कडेला नेलं. “तंबोऱ्याच्या जवारीचा झणत्कार इथं असतो. ‘स’ इथं. शिट्टी इथं.” मग बाईंना विचारलं, हे किती वर्षांचं? बाई म्हणाल्या, सात-आठ तरी. मोठ्या आवाजात काम करता का?

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. कानाला यंत्र लावता येईल, बोलणं समजायला मदत होईल, असं बाईंनी सांगितलं. मैफलीचा आवाज लावता येईल का, असं मी विचारलं. बाईंनी मान हलवली, नाही या अर्थी.

पुढच्या रविवारी मी वारज्याला त्यांच्या घरी गेलो. मिक्सरवर चादर होती. समोर वही. वहीत नावं. सात-आठ वर्षांत ज्यांच्या मैफलींना त्यांनी आवाज लावला त्या सगळ्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची. पन्नासेक असतील. दोन नावांखाली रेघ होती, ती माणसं आता नाहीत. एजाजभाई म्हणाले, माफी मागायची. एकेकाला फोन करायचा आणि विचारायचं, माझ्यामुळं तुमची किती गाणी बिघडली. कुणीतरी नीट सांगितलं की मला कळेल मी कधीपर्यंत चांगला होतो. एवढंच कळायला हवंय.

नसीमबानूंनी, त्यांच्या बायकोनं, चहा आणला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी नजर वळवली. ही कल्पना मोडून काढा, असं ते बघणं होतं. मी मोडली नाही. खरं बोलणं चांगलं, असं मी आयुष्यभर चौकात ओरडत आलोय.

फोनवरचं त्यांना तुटक कळायचं, म्हणून मिसबा शेजारी बसली. ऐकून अब्बांना सांगायचं. पहिला फोन प्रियदर्शनीताईंना. एजाजभाईंनी पाठ केल्यासारखी माफी मागितली. पलीकडून ताई घाईघाईनं बोलल्या, अहो, काय हे, असं होतं कधीतरी, उलट तुमच्यामुळं मला माइकशिवाय गायचं धाडस झालं. मिसबानं ते सांगितलं. ते म्हणाले, ताईंच्या आधीच्या तीन मैफलींचं विचार.

मिसबानं विचारलं. पलीकडं ताई आधी खाकरल्या. मग, “छान होत्या की.”

माझं डोकं सणकलं. मी मिसबाच्या हातातून फोन घेतला आणि गॅलरीत गेलो, मिसबा मागोमाग आली. मी म्हटलं, ताई, या माणसाला सगळ्यांनी गोड बोलूनच मारलंय, मीही त्यात आहे, निदान तुम्ही खरं बोला. फोनचा स्पीकर चालूच होता. ताई रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वीच मी दत्तप्रसादांना म्हटलं होतं, एजाजभाई नकोत, त्यांचं रेकॉर्डिंग मला ऐकवत नाही. ते म्हणाले, आता या वयात त्यांना कुठं घालवायचं, घ्या सांभाळून. सगळे कलाकार तेच म्हणतात, रंगराव. सगळे सांभाळूनच घेत होते.

फोन ठेवला. आम्ही आत आलो. एजाजभाई पेन उघडून बसले होते.

“क्या बोलीं?” त्यांनी मुलीला विचारलं.

मिसबानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं मी बोलेन. इतकी वर्षं बोलतच आलोय. मी फोन मिसबाच्या हातात दिला.

“अच्छे थे बोलतीं, अब्बा,” मिसबा म्हणाली. “तीनों.”

त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या. वहीत पहिल्या नावापुढं काहीच लिहिलं नाही. पेनाचं टोक खालच्या ओळीवर नेलं आणि वही मिसबाकडं फिरवली. तिनं दुसरा नंबर लावला.