सहा खणांचा ट्रे

आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका प्रोग्रॅमची टेस्ट चालवत होते. फोन ठेवला आणि ती पुरी होऊ दिली... अर्धवट सोडलेली टेस्ट त्यांना खपायची नाही. महिना झाला, तरी मला त्यांचा राग येतो. न सांगता गेले म्हणून.

माझी पहिली नोकरी आण्णांकडेच; शाहूपुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवायचो. C ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना आण्णांपुढे स्क्रूचा सहा खणांचा लाकडी ट्रे असायचा. खण म्हणजे मेमरी, आकड्यांच्या चिठ्ठ्या म्हणजे डेटा. फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडा, कुणाचंही असो, आधी चिठ्ठ्या सरकवत हातानं चालवून बघायचं. मला तो पोरखेळ वाटायचा.

एका बॉयलरच्या पॅनेलसाठी मी मेमरी कॉपी करणारं छोटं फंक्शन लिहिलं. वाफेच्या दाबाचे शेवटचे सहा आकडे एकेक घर मागं सरकवायचे आणि पुढं नवा घ्यायचा, एवढंच काम. मी ते दोन वेगळ्या जागांवर तपासलं, पास झालं. इथं मात्र आकडे त्याच सहा घरांत सरकणार, म्हणजे जुनी आणि नवी जागा एकमेकींवर चढलेली होती. ती टेस्ट राहिलीच. त्या फंक्शनची प्रिंट घेऊन आण्णा घरी गेले.

सकाळी पॅनेल जीपमध्ये चढलं. पेठ वडगावच्या पुढं कारखान्यात माणसं बॉयलरपाशी खोळंबली होती.

"चढलेल्या जागांवर तपासलंस न्हवं?" आण्णांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.

ते जीपची किल्ली शोधू लागले. हा खिसा, तो खिसा, पुन्हा पहिला... आकडे चुकले तर दाब चढत राहील, पॅनेल गप्प बसेल आणि समोर माणसं उभी असतील. तरी मला जास्त भीती नोकरीचीच वाटत होती, हे लिहिताना आजही लाज वाटते. अखेर तोंडातून निघालं, "आण्णा, थांबा. ती टेस्ट केली न्हाय मी."

आम्ही पॅनेल उतरवून टेस्ट लावली. पहिलाच आकडा सहाही घरांत जाऊन बसला होता. मी पुढून उचलत होते, उचलायला हवं होतं मागून. तासाभरात दुरुस्त केलं, तीनदा तपासलं. मग किल्ली लगेच सापडली.

तो ट्रे पुन्हा ऑफिसात दिसला नाही, नवा आला. मी मात्र कित्येक वर्षं स्वतःच्या खरेपणावर खूश होते. परवा त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेले, तेव्हा त्यांनी जुना ट्रे पुढं केला. सहा चिठ्ठ्या. बाकी पाचांवरचे आकडे खोडून पहिलीवरचाच आकडा लिहिलेला.

"ते पॅनेल न्यायचं त्या दिवशी सकाळी हेच मांडून बसलेलं," काकू म्हणाल्या. "पोरीचं चुकलंय म्हणालं. मी म्हटलं, मग सांगा की तिला. तर म्हणालं, ती सांगंल."

ट्रे आता माझ्या टेबलावर आहे. मी बोललेच नसते, तर ते किती वेळ खिसे चाचपत बसले असते, कोण जाणे... चिठ्ठ्या मी हलवलेल्या नाहीत.