गालाला बसलेली बंदूक

पीटीबाई माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, गालाकडे बघत. नवख्या माणसाला वाटे, आपल्या तोंडाला काही लागलंय, आणि तो हळूच रुमाल काढी. तुमच्या आईला आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा बाकीचे शिक्षण, नोकरी विचारत होते. बाई नुसत्या तिच्या गालाकडे बघत होत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "हिचा गाल भरलेला हाय. हिला बंदुकीचा दस्ता कमी उंच चालेल." तुमच्या आईने घाबरून माझ्याकडे बघितलं. जमत आलेलं लग्न मोडतं की काय, असं मला वाटलं.

बाई म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, तुमची आत्याआजी. शहापूरच्या शाळेत त्या पीटी शिकवत, म्हणून सगळा तालुका त्यांना पीटीबाई म्हणे. घरातही तेच नाव पडलं. लग्न केलं नाही. मी मुंबईच्या इंग्रजी शाळेतून या घरात आले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "वैनी, धावता येतं का तुमाला?" तेव्हापासून आम्ही एकमेकींना 'तुम्ही'च म्हणत आलो. अंतर होतं म्हणून नव्हे. ती आमची चेष्टा होती, आणि पुढे सवय झाली.

तुम्ही दोघे इथे आलात तेव्हा लहान होतात. परवा फोनवर ईराने विचारलं, की फोटोत आत्याआजी बंदुकीला गाल चिकटवून उभी आहे आणि तू तिच्यासमोर वाकून काय बघतेस? फोनवर मला सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

सासऱ्यांची एक बारा बोअरची दुनळी बंदूक होती, रानडुकरांपासून भात राखायला घेतलेली. निवृत्त झाल्यावर बाईंनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि मातीच्या बशा फोडायला सुरुवात केली. पालथ्या बशीसारखी भगवी चकती असते. यंत्राने ती उडवायची आणि हवेत असतानाच टिपायची. मुरबाडच्या रस्त्याला आपलं भाताचं खाचर आहे, त्याच्यासमोर नुसता डोंगर. भात कापून झालं की पोलीस ठाण्याची परवानगी काढून दर शनिवारी तिथे नेमबाजी चाले. बाई उभ्या राहून "सोड!" म्हणून ओरडत आणि आजोबा यंत्राची दोरी ओढत. ओढायला उशीर झाला तर, "दादा, झोपलास काय रे? बशी सोड, पोरगी सासरी नाय पाठवायची!"

पहिल्या वर्षी एकही बशी फुटेना. आजोबा म्हणाले, तुझा हात हलतो. बाई रागाने तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मग कुठल्याशा स्पर्धेत त्यांना कळलं, की हात हलत नव्हता, बंदूक सासऱ्यांच्या चेहऱ्याला बसवलेली होती. या बंदुकीला मागे नेम धरायची खूण नसते. तिथे आपला डोळाच असतो. दस्त्याच्या, म्हणजे मागच्या लाकडाच्या, वरच्या कडेवर गाल टेकतो, आणि डोळा किती उंचीवर येणार ते ती कड ठरवते. ती खाली असली तर डोळा खाली जातो आणि छरे बशीच्या खालून जातात. बाईंनी कारागिराकडून ती कड कापून घेतली आणि दोन खुंट्यांवर बसवली. खुंटीखाली वॉशर घातला की कड वर येई, काढला की खाली जाई. त्या तिला गालफळी म्हणत.

गालफळी बरोबर आहे का, हे समोरून बघावं लागतं. ते काम माझं. मला बंदुकीची भीती वाटे, आणि बाईंना ती भीती फार आवडे. "भिणाऱ्या माणसाच्या हातून चूक होत नाय, वैनी." काडतुसं गाडीत कुलपात. बंदूक बिजागरीवर मोडून उघडायची आणि दोन्ही नळ्यांतून मी आभाळ बघायचं. आभाळ दिसलं, की त्या बंदूक मिटून डोळे बंद करत, गाल टेकत, आणि मग डोळे उघडत. मी नळीच्या तोंडाकडून वाकून बघायचं. नळीवरच्या पट्टीवर डोळ्याची बाहुली अख्खी बसलेली दिसली पाहिजे.

"दिसतेय काय?"

"दिसतेय."

"अख्खी? का मला बरं वाटावं म्हणून?"

"अख्खी, बाई."

बोलता बोलता कधी मला हसू येई, मग त्यांनाही येई, आणि गाल हलला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. इतक्या जवळून, इतका वेळ, मी दुसऱ्या कुणाच्याच डोळ्यात बघितलेलं नाही. तुमच्या आजोबांच्याही नाही.

गालफळीवर दुसऱ्या कुणाला गाल टेकायचा असेल तर आधी ती त्याच्या मापाने लावायची, हा त्यांचा नियम होता. शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी हौसेने येत. भातसानगरहून एक इंजिनियरबाई यायच्या. प्रत्येकीसाठी बाई स्क्रू सैल करत, वॉशर बदलत, पुन्हा आवळत. कुणी म्हणालं, राहू द्या बाई, मी मान वाकवते, तर त्या चिडत. "मान कशाला वाकवतेस गो? तुझी मान हाय तशी बरी हाय. लाकडाला वाकू दे."

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर पहिल्याच शनिवारी बशा न फुटताच जायला लागल्या. मी समोरून बघितलं, तर बाहुली अर्धी पट्टीमागे गेलेली. "पावसात लाकूड बसलं," बाई म्हणाल्या, आणि एक वॉशर घातला. त्या दिवशी बशा फुटल्या. आम्ही खूश. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आजोबा म्हणाले, खुंट्या झिजल्या असतील. ते कल्याणहून नव्या खुंट्या घेऊन आले. मग स्क्रू ढिला असेल. मग लाकडाला तेल जास्त झालं असेल. आम्ही तिघं शहाणी माणसं हिवाळाभर त्या बंदुकीची दुरुस्ती करत बसलो. बंदूक जिथल्या तिथे होती. बाईंचा गाल आत चालला होता.

ते पहिल्यांदा कळलं बाईंनाच. होळीच्या आसपास मी वाकून बघत होते. "दिसतेय काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. त्या वॉशर घ्यायला वळल्याच नाहीत. बोटांनी स्वतःचा गाल चाचपत उभ्या राहिल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "वैनी, भाकर गिळत नाय माझ्याच्यानं. लय दिवस झाले. तुमी दादाला सांगा. मला सांगता येणार नाय."

अन्ननलिकेचा कॅन्सर होता, आणि बराच पसरलेला. मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं, तर बाई उठून आमच्या आधी बाहेर येऊन बसल्या. त्यांनी एकच विचारलं, बंदूक उचलता येईल का. डॉक्टरांना वाटलं, भ्रम झालाय.

बाईंना एकच हवं होतं. पावसाआधी एक बशी, आपल्या बंदुकीने. शेणवे गावातल्या आपल्या घरी त्या अंथरुणाला लागल्या तरी शनिवारी माझ्याकडून गालफळी लावून घेत. पेज दोन चमचे जाई, तेवढीच. मी समोरून बघायची आणि वॉशर घालायची. चेहरा उतरत होता आणि लाकूड चढत होतं. आजोबा तेवढ्या वेळापुरते अंगणात जाऊन उभे राहत. शेवटी खुंट्याच पुरेनात, तेव्हा मी त्यांच्या जुन्या पीटीच्या बुटांतलं फेल्टचं अस्तर कापून फळीवर चिकटवलं. "शाब्बास, वैनी," त्या म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथे रडले.

मे महिन्यात आम्ही त्यांना खाचरावर नेलं. खुर्चीत बसवलं. मी नळ्यांतून आभाळ बघितलं, मग वाकून डोळा बघितला. त्या सगळ्या चेहऱ्यात तेवढाच उरला होता. बाहुली पट्टीवर अख्खी होती. तेव्हा कुठे आजोबांनी काडतूस आणून दिलं. बाईंचा आवाज निघत नव्हता म्हणून "सोड" मी म्हटलं.

बशी उडाली. नळी तिच्याबरोबर निघाली, वर गेली, वळली, बशी उतरायला लागली तशी उतरली. बार झाला नाही. बशी पलीकडे गवतात पडली. आजोबा दुसरी लावायला लागले, तर बाईंनी मान हलवली. बोटात चाप ओढायचं बळच नव्हतं. त्यांनी काडतूस काढून माझ्या हातात दिलं आणि कुजबुजल्या, "बरोबर तिच्यावर होती. पार खाली येईपर्यंत तिच्यावर होती."

आठ दिवसांनी त्या गेल्या.

परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला, की बंदूक घरात ठेवता येत नाही, म्हणून ती कल्याणच्या एका बंदुकांच्या दुकानात जमा केली होती. या वर्षी तिला गिऱ्हाईक मिळालं, वाशिंदची एक मुलगी, कारखान्यात नोकरी करते, सुट्टीत नेमबाजी शिकते. आजोबा आले नाहीत. त्या दुकानात मी एकटीच गेले. दुकानदाराने गालफळी बघितली, माझ्याकडे बघितलं. "बाई, इतकी उंच कुणाला लागणार? ही उतरवावी लागेल."

माझ्या पर्समध्ये बाईंचा पाना होता. हे काम मीच करीन, असं मी घरून ठरवून गेले होते. पण हात पुढे होईना. त्या उंचीत त्यांचा शेवटचा गाल होता, आणि मी एक वॉशर काढला की तो जगात कुठेच राहणार नव्हता.

"किती उतरवू?" त्याने विचारलं.

"मला काय विचारता?" मी म्हटलं. "मुलीला उभं करा. तिचा गाल बघा."

मी पाना काउंटरवर ठेवला आणि बाहेर येऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.