सावलीत वाळवायची पानं

परवा पुलाव केला होता. मुलानं पहिल्याच घासाला तमालपत्र चिमटीत धरून ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाला, "वास काय सुंदर आलाय, आई!" चवीला हवं पण दाताखाली नको, अशीच या पानाची जात. मग पापड मोडता मोडता म्हणाला, "अंगणातलं ते तमालपत्राचं झाड उद्या काढून टाकतोय. गाडीला जागा नको का?"

अहो, हातभर रोप होतं तेव्हा मी ते लावलं. पहिला उन्हाळा त्याच्यावर ओलं गोणपाट टाकून काढला, ह्याच मुलाला कडेवर घेऊन.

"अरे, आत्ता कुठे चांगलं डवरलंय रे ते," मी म्हटलं.

"मग पानं आधी तोडून ठेवा ना आई, वर्षभर पुरतील," सून म्हणाली. अगदी प्रेमानं हं.

तोडली. आज हा एवढा ढीग पडलाय. तमालपत्र उन्हात वाळवलं की त्याचा वास उडून जातो, म्हणून दरवर्षी मी त्या झाडाखालीच जुनं लुगडं पसरून पानं वाळवायची. आज लुगडं हातात घेऊन उभी आहे, आणि अंगणभर ऊन पडलंय.