मागे ठेवलेला मंत्री

मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. घरी येऊन शिकवायची खोड मला नाही. सोनाळ्याच्या घरी मी धाकटी सून आहे, आणि धाकट्या सुनेनं भाकरी थापताना राज्यघटना सांगू नये, एवढं मला कळतं. पण मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आपणहून विचारलं. टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षाचं भाषण चालू होतं. हा माणूस उद्या मेला तर त्याच्या जागी कोण, असं त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, तिथे क्रम आधीच ठरलेला असतो. आधी उपाध्यक्ष, मग प्रतिनिधिगृहाचा सभापती, मग सिनेटचा हंगामी अध्यक्ष, मग एकेक मंत्री. ज्याचं खातं जुनं, तो आधी. आणि हे सगळे एका छताखाली जमतात तेव्हा एका मंत्र्याला मुद्दाम दूर कुठेतरी पहाऱ्यात ठेवतात. घात झालाच, तर राज्य चालवायला तो तरी उरावा. बहुतेकदा तो क्रमात खालचाच कुणीतरी असतो.

मामाजींचा घास हातातच राहिला. नुकतंच शेजारच्या गावचं एक वऱ्हाड बुलढाण्याच्या घाटात गाडीसकट कोसळलं होतं. अख्खं घर त्या एका गाडीत. मागे दाराला कुलूप आणि गोठ्यात हंबरणारी जनावरं. मामाजी त्या दारावर जाऊन आले होते आणि तेव्हापासून झोपेत दचकत होते.

भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, तिथेच जेवत होते, माझ्याकडे पाठ करून. आमच्याकडे भासरा धाकट्या भावजयीशी बोलत नाही, तिच्यासमोर बसत नाही. त्यांना पाणी हवं असलं तर ते भिंतीला सांगतात आणि मी आणून ठेवते. मामाजींनंतर घर आणि संत्र्याचा बगीचा त्यांच्याकडे जाणार, हे त्यांनी धरलेलं होतं, आम्हीही धरलेलं होतं. मला त्यात काडीचा रस नव्हता.

चैत्रात देऊळघाटला लग्न निघालं. म्हणजे पुन्हा तोच घाट. सगळे गाडीत बसले आणि मामाजींनी मला खाली उतरवलं.

"घरात सर्वात खालच्या नंबराची तूच," ते म्हणाले. "तू राह्य. आम्ही नाही आलो, त घर तुह्या हाती."

आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांनी माझ्या हातात दिला. त्यांचा हिशेब भोळा होता. तिकडे खालचा मागे राहतो, म्हणून इकडेही खालचा. पण ज्याच्या कमरेला किल्ल्या, त्याचं घर, हा आमच्या भागातला कायदा अमेरिकेला माहीत नाही. भासऱ्यांना माहीत होता. त्यांनी काचेतून जुडग्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. माझा नवरा आणि माझी पोरं त्याच गाडीत होती. ती परत आली नाहीत तर मी हे घर घेऊन काय चाटू, हे मला कुणी विचारलं नाही.

वर्गात हा धडा मी रंगवून सांगते. त्या दिवशी रिकाम्या घरात हिंडताना मला त्या मंत्र्याची कीव आली. दुपारून कुणाचाच फोन लागेना. चूल पेटवावीशी वाटेना. दिवेलागणीला गाडी आली तशी मी धावत गेले आणि उतरणाऱ्या एकेकाला बोटावर मोजू लागले.

भासऱ्यांनी ते पाहिलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मोजून राह्यली. कोण कमी झालं, ते पाह्यते."

मी जुडगा मामाजींच्या पुढ्यात ठेवला. मनावर घेऊ नको, असं नवरा म्हणाला. मी घेतलं, चांगलंच घेतलं. त्या दिवसापासून भासरे माझ्या हातचा चहा घेईनासे झाले. जाऊबाई करतील तरच, आणि तोही आधी वास घेऊन.

ही चाल बंद करा, नाहीतर थोरल्यांना मागे ठेवा, असं मी मामाजींना विनवलं. थोरला गाडीसोबतच पाहिजे, आणि नेम म्हणजे नेम, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

पुढचं लग्न वरवट बकालला होतं. वाटेत घाट नाही, दरी नाही. तरी जुडगा माझ्याकडे आला. गाडी सुरू झाली आणि भासरे खाली उतरले. मीही राहतो, म्हणाले. घाट नव्हता म्हणून मामाजींनी थोरल्याचा नेम ताणला नाही, उलट त्यांना बरंच वाटलं, एकाला दोघं. माझा नवरा वळणापर्यंत मागे वळून पाहत होता.

मी पदर सावरून आत निघाले. भासऱ्यांनी फाटकाची कडी लावली, ओसरीत येऊन बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भिंतीशी नाही, माझ्याशी बोलले.

"किल्ल्या इथं मधात ठेवा. अन् तुम्हीबी बसा. गाडी आली त ठीक. नाही आली, त मंग दोघातलं एकच पाहिजे."

मी बसले. माझी माणसं सुखरूप यावीत म्हणून आजवर मी देवाला पुष्कळदा हात जोडले होते. त्या दिवशी जोडले ते माझ्या स्वतःच्या जिवासाठी.