माझ्याआधी बसणारी सीट

चहाचे कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता.

माझ्याइतका जिद्दी माणूस अख्ख्या अमरावतीत सापडायचा नाही, हे मीच सांगतो. आणि या जिद्दीपायी एका उत्तम सायकलची मी कशी वाट लावली, तेही मीच सांगतो. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा बरं!

आमच्याकडे डोंगरी सायकलवाल्यांचा एक गट आहे. दर रविवारी सकाळी पोहऱ्याच्या जंगलात जातो. गटाची पुढारी रेणू, वय सव्वीस, पायांत जणू स्प्रिंगा बसवलेल्या. मी म्हटलं, मलाही यायचंय. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, चढ जमन एखांद्या वेळी. उतार नाई जमत. जाऊ द्या."

जाऊ द्या? आणि मी?

आठ दिवसांत सायकल घेतली. परदेशी निघालेल्या एका पोराची जुनी, पण काय सायकल होती राव! मागे बारा गिअर, त्यातला सगळ्यात मोठा जेवणाच्या ताटलीएवढा. ब्रेकमध्ये तारेऐवजी तेल. टायरमध्ये ट्यूबच नाही! पुढे मोटरसायकलसारखे शॉकअप. पोरगं घाईत होतं. म्हणालं, "काही समजलं नाही तर फोन करा, काका."

मी कशाला करतोय फोन? चाळीस वर्षं सायकल चालवतोय!

पहिल्याच दिवशी राजापेठेत म्हैस आडवी आली. डावा अंगठा सवयीनं घंटी शोधत गेला. हँडलखाली एक खटका होता, तो दाबला. घंटी वाजली नाही. पण त्याच क्षणी माझ्या बुडाखालची सीट सुंऽऽ करत खाली गेली! गुडघे छातीला टेकले. आता म्हैस माझ्याकडे वरून पाहत होती.

तसाच बेडकासारखा घरी आलो. उतरून बायकोला म्हटलं, "संध्या, हे पाह्य! घंटीबी खराब देली पोट्ट्यानं." आणि खटका दाबून दाखवला. घंटी मुकीच. सीट मात्र टण्णकन वर!

"घंटीचं राहू द्या," संध्या म्हणाली. "तुमी उतरल्याबराबर कशी उठून उभी राह्यली बिचारी, ते पाहा!"

"म्हंजे?"

"म्हंजे वजन! अजून काय?"

आणि तुम्हाला सांगतो, मला ते पटलं! तक्रारी दोन. एक, घंटी वाजत नाही. दोन, सीटला माझं वजन पेलत नाही. त्या दोघींची आपसात काही ओळख असेल, असं मनातसुद्धा आलं नाही.

मग काय, कचोरी बंद. गिला वडा बंद. चहातली साखर बंद. महिनाभरात चार किलो उतरलो. पँट घसरायला लागली. सीट तर आधीपासून घसरतच होती! त्यातही म्हैस दिसली की हमखास. माझा अंगठा घंटीकडे धावायचा आणि मी खाली. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं, ही सायकलच म्हशींना घाबरते.

दुसरा कुणी असता तर त्यानं सायकल विकली असती. मी ती मालवाहू रिक्षात टाकली आणि थेट चांदूर बाजार गाठलं. तिथं माझा साळा प्रमोद ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. त्यानं सीट वरखाली करून पाहिली आणि निदान केलं.

"भाऊजी, हे पाइपात पाइप हाये. आरपार एक बोल्ट मारून देतो. हत्ती बसला तरी नाई हालत."

"मार!"

ड्रिल आत गेलं आणि फुस्सऽऽ! तेलाची पिचकारी माझ्या चष्म्यावर.

"पाह्यलं? अंदर हवा भरली होती! हाच बिघाड होता," प्रमोद म्हणाला. मग जरा थबकला. "पन भाऊजी, घंटीची तार सीटच्या पाइपात काहून चालली?"

देवानं दिलेली शेवटची संधी होती हो ती!

मी म्हटलं, "पोट्ट्यानं कायबी जोडलं असन. काप."

प्रमोदनं तार कापली, खटका फेकला आणि त्या जागी पितळेची खणखणीत घंटी लावून दिली. सीट खांबासारखी ताठ!

रविवारी पोहऱ्याला हजर. चढावर जीभ बाहेर आली, दोनदा सायकल ढकलली, पण माथा गाठला. उताराच्या तोंडाशी सगळे थांबले. रेणूनं हँडलवर अंगठा दाबला आणि तिची सीट सुंऽऽ करत खाली गेली.

"रेणू, थांब!" मी ओरडलो. "तुह्यी सीट बसली!"

तेवढ्यात शेजारच्याची बसली. मग तिसऱ्याची. चौदाच्या चौदा!

मी हात वर करून सगळ्यांना धीर दिला. "घाबरू नका! साऱ्याईले खराब माल भेटला. माह्यीबी अशीच बसे. चांदूर बाजारले माहा साळा हाये, एकएक बोल्ट मारून देते!"

रेणू सायकल टेकवून आली. वाकून माझा बोल्ट पाहिला. बराच वेळ वाकूनच राहिली. खांदे हलत होते.

"काका," ती कशीबशी म्हणाली, "उतारावर बूड मांगं आनि खाली न्या लागते. म्हनून खटका दाबून सीट पाडतात. चढ आला का पुन्हा वर घेतात. लोक हे मुद्दाम बसवून घेतात, काका!"

"मंग घंटी?"

"घंटी येतच नाई याच्यासंगं."

कुणीतरी म्हणालं, "काका, आता पायी उतरा."

पायी? मी? उतारासाठी तर सगळं केलं होतं! मारली टांग.

काय सांगू तुम्हाला, प्रत्येक दगडावर ती ताठ सीट मागून लाथ घालत होती. घंटी आपोआप वाजत होती, आरतीसारखी! तिसऱ्या वळणावर मी हँडलवरून उडालो आणि घाणेरीच्या झुडपात उताणा पडलो.

सगळे धावत आले. रेणूनं पाणी दिलं, कोपरातले काटे काढले. माझं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून बिचारीनं विचारलं, "काका, तुमी हायस्कूलात शिकवता म्हने. काय शिकवता जी?"

चौदा जण कान देऊन उभे होते.

"मराठी," मी म्हणालो.

विज्ञान शिकवतो हो! सव्वीस वर्षं! आणि आदल्याच दिवशी आठवीच्या वर्गात तरफ शिकवताना टेबलावर छडी आपटून ओरडलो होतो, "एक टोक दाबलं, की दुसरीकडे काय हललं ते पाहत जा ना, गाढवांनो!"