पुसलेली क्लच प्लेट

मनगटी घड्याळाहून मोठी कुठलीही वस्तू भिंगकाकांनी स्वतः उघडायची नाही, असा त्यांच्या घरात एक अलिखित कायदा होता. टेबलफॅनच्या प्रकरणानंतर तो बायकोने केला होता, आणि फॅन पुन्हा कधीच फिरला नसल्यामुळे त्यावर अपील झालं नव्हतं. म्हणूनच एका शनिवारी सकाळी काका घरामागे, लोखंडी स्टँडवर चढवलेल्या शाळेच्या व्हॅनखाली पुठ्ठा अंथरून आडवे झालेले दिसले, तेव्हा शेजारणीच्या हातातलं धुणं खाली पडलं. तिला वाटलं, गाडी अंगावरून गेली.

काका घड्याळजी. अडतीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे तो डोळा मोकळा असतानाही बारीक झालेला असे, आणि समोरच्याला आपल्यात काहीतरी दोष सापडल्यासारखं वाटे. सापडलेलाही असे. चूक हा शब्द काका फक्त दुसऱ्यासाठी वापरत. दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडलं, तर ते गिऱ्हाइकाला शांतपणे विचारत, "हात फार हलवता का?"

बायको सव्वीस वर्षं ती व्हॅन चालवत होती. गल्लीत तिला व्हॅनताई म्हणत. सकाळी सोळा मुलं शाळेत पोहोचवायची, दुपारी परत आणायची. गेले चार महिने व्हॅन चढावर गुरगुरायची. इंजिन ओरडे आणि चाकं काही मनावर घेत नसत. काकांचं निदान तयार होतं.

"तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस."

"अहो, मी पाय बाजूला ठेवते."

"तसं तुला वाटतं."

या वादात व्हॅनताईचा धाकटा भाऊ पडला. तो बस डेपोत तीस वर्षं फिटर होता, नुकताच निवृत्त झालेला, आणि घरी बसून त्याच्या बायकोला नकोसा झालेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ताईची साठी आली, पाय जड झाला, आता व्हॅन त्याने चालवावी. मुलांच्या आयांशी तो परस्पर बोलूनही आला होता. ते ऐकल्यावर व्हॅनताईने चावी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "क्लच उघडा. माझ्या पायाने घासलेली निघाली तर सोमवारपासून चावी तुझी. नाही निघाली, तर माझ्या पायाबद्दल या घरात पुन्हा कोणी तोंड उघडायचं नाही."

गॅरेजवाल्याने दहा दिवसांनंतरचा वार दिला. भावाच्या कमरेला पट्टा, त्यामुळे त्याला गाडीखाली झोपता येईना. उरले काका. कायदा एका दिवसापुरता स्थगित झाला.

गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लच दिसत नाही, आणि स्टार्टर काढल्याशिवाय गिअरबॉक्स उतरत नाही. या व्हॅनचा स्टार्टर इंजिनच्या मागे, जिथे माणसाचा हात आणि नजर एकाच वेळी पोहोचू नयेत अशा जागी बसवलेला होता. भाऊ खुर्चीवर बसून हुकूम देत होता.

"भाऊजी, आधी बॅटरीची वायर काढा."

"काढतो. आधी बोल्ट कुठे आहे ते तर बघू."

काकांना आधी बघायची सवय. बघता बघता पाना स्टार्टरच्या जाड वायरीला आणि गाडीच्या अंगाला एकदमच टेकला. फाट्कन निळा जाळ झाला. काका गाडीखालून ज्या वेगाने बाहेर आले, त्या वेगाने त्यांना कोणी कधी चालतानाही पाहिलं नव्हतं. पान्याच्या टोकाचा लचका तुटला होता. काका तो पाना हातात धरून बघत राहिले. त्यांच्या उभ्या आयुष्यात कुठल्याही घड्याळाने उलट हल्ला केला नव्हता.

"वायर," भाऊ म्हणाला.

व्हॅनताईने वायर काढली. खालचा बोल्ट निघाला. वरचा काही केल्या दिसेना. आरसा लावला, टॉर्च लावला, भिंगही लावून झालं. शेवटी व्हॅनताईने बांगड्या काढल्या, बॉनेटमधून खांद्यापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून म्हणाली, "सापडला. पाना द्या. तिकडे नाही हो, माझ्या बोटांपाशी." खालून लांब दांडी लावून काकांनी जोर केला. बोल्ट किंचाळला आणि सुटला. स्टार्टर काकांच्या छातीवर येऊन पडला. तो दिवस तिथेच संपला.

रविवारी दुपारी गिअरबॉक्स जॅकवर धरून खाली घेतला. भाऊ नवी क्लच प्लेट, नवं सील असं खोकंभर सामान आणायला दुकानात गेला, व्हॅनताई हात धुवायला आत गेली, आणि काकांनी एकट्याने जुनी प्लेट सोडवली. ती तेलाने चिंब होती. घसरून घसरून जळलेली, पण आधी भिजलेली. आजूबाजूलाही काळ्या तेलाचे ओघळ होते.

यापुढे काकांनी जे केलं ते त्यांनी ठरवून केलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. उघडलेली वस्तू समोर आली की ती पेट्रोलने धुवायची, पुसायची आणि मगच तिच्याबद्दल विचार करायचा, अशी अडतीस वर्षांची रीत. पंधरा मिनिटांत प्लेट लख्ख. ओघळही लख्ख. शेवटचा कोपरा पुसताना त्यांना कळलं की आपण काय पुसलं: प्लेट पायामुळे नव्हे, गळत्या तेलामुळे घसरत होती याचा एकमेव पुरावा. त्यांच्या हातातली चिंधी तशीच थांबली.

तेवढ्यात भाऊ आला. त्याने प्लेट उचलून उजेडात धरली, अंगठा फिरवला.

"कोरडी ठाक. झिजलीय, जळलीय. पायाचंच काम आहे, ताई."

व्हॅनताई दारात उभी होती. तिने प्लेट हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. स्वतःच्या उजव्या-डाव्या पायांकडेही एकदा पाहिलं, जणू दोघांपैकी एकाने इतकी वर्षं फसवलं होतं. मग आत जाऊन चावी आणली आणि भावाच्या हातावर ठेवली. भावालाही ते इतकं सोपं जाईल असं वाटलं नसावं. तो चावी खिशात घालायचं विसरला.

"तेल होतं," काका म्हणाले.

"कुठे?"

"प्लेटवर. मी पुसलं."

भाऊ हसला. "भाऊजी, बायकोची बाजू घ्यायला तुम्हाला आज सुचलं होय?"

"ही चिंधी बघ."

"तुमचं आज सगळंच काळं आहे. नाकसुद्धा."

व्हॅनताई हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, राहू द्या. मला बरं वाटावं म्हणून बोलताय. खोटं तुम्हाला जमत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा काकांनी आपल्या हातून काही बिघडलं असं कबूल केलं होतं, आणि घरातलं कोणी ते मानायला तयार नव्हतं. इथे ते गप्प बसले असते तरी चाललं असतं. उलट त्यांचा मान वाढला होता. ते गप्प बसले नाहीत.

"फ्लायव्हील काढ," ते भावाला म्हणाले. "मागचं ऑइल सील बघायचंय. ते मी बसवलं होतं."

आठ महिन्यांपूर्वी व्हॅन गॅरेजात उघडी पडलेली असताना मेकॅनिक जेवायला गेला, तेव्हा काकांनी ते बसवलं होतं. मेकॅनिकची बोटं जाड आहेत, हे कारण.

भावाने पट्टा आवळला, कण्हत गाडीशेजारी बसला आणि खालून हात घालून फ्लायव्हीलचे बोल्ट एकेक करून सोडले. जड चाक बाहेर आलं. मागे रबरी सील, आणि त्याच्या खालून मंदपणे उतरणारा ताज्या तेलाचा थेंब. भाऊ जवळ गेला. मग त्याचा आवाजच बदलला.

"भाऊजी, हे उलटं बसलंय."

"उलटं कसं? बरोबर आहे."

"याची बारीक स्प्रिंग बाहेरून दिसतेय. ती आत हवी, तेलाकडे."

"अरे, सील असतं कशासाठी? बाहेरचं पाणी, धूळ आत जाऊ नये म्हणून! मी शेकडो वॉटरप्रूफ..."

काका तिथेच थांबले. त्यांचा बारीक डोळा हळूहळू मोठा होत गेला.

"आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून असतं हो हे," भाऊ म्हणाला. "इंजिनला काय पोहायला नेणार होतात?"

हसलं मात्र कोणी नाही. भाऊ चावीकडे बघत होता. व्हॅनताई पुढे आली, तो थेंब बोटावर घेतला आणि अंगठ्याने चोळत राहिली.

"म्हणजे माझा पाय नव्हता."

"नव्हता," काका म्हणाले. "चूक माझी."

ती दारातल्या पायरीवर खाली बसली. डोळे पुसले, आणि कपाळावर तेलाचा पट्टा उमटला. भावाने चावी तिच्या शेजारी ठेवली. "मुलांच्या आयांना मी आज फोन करतो, ताई. म्हणतो, माझीच कंबर धरलीय."

"खरं कारण सांग," ती म्हणाली.

मग ती उठली, नवं सील खोक्यातून काढलं आणि काकांच्या हातात दिलं. पण सोडलं नाही.

"बसवायच्या आधी सांगा. स्प्रिंग कुठे?"

"आत."

"पुन्हा."

"आत गं," काका म्हणाले, आणि पुठ्ठ्यावर आडवे झाले.